आभाराला येणारे सर

आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही समारंभात सर सुरुवातीला कधी दिसले नाहीत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षांचं त्याहून लांब भाषण, हे सगळं त्यांच्या गैरहजेरीत पार पडे. मग कुणीतरी माईकवरून "आता आभारप्रदर्शन" असं म्हणे आणि सर दारातून आत येत. त्या वेळी उरलेलं सभागृह उठलेलं असे. खुर्च्या सरकत, मुलं दाराकडे लोटत, प्राध्यापक मंडळी चहा-चिवड्याच्या टेबलाचा अंदाज घेत. त्या लोंढ्यातून उलट्या दिशेनं, खांदे चुकवत सर पुढे येत आणि पहिल्या रांगेतल्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या सोफ्यावर बसत. हाताची घडी, मान थोडी तिरकी, डोळे मिटलेले. आभार संपले की एकटेच टाळ्या वाजवत.

आभार मानायचं काम नेहमी सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मी जेऊरहून सोलापुरात येऊन फिजिक्स डिपार्टमेंटला लागले, त्या वर्षी ते माझ्याकडे आलं. घोकून पाठ केलेले आभार मी रिकाम्या खुर्च्यांना म्हणून दाखवले. खाली उतरले तर सर उभे. म्हणाले, "मंडपवाल्याला विसरलीस. आणि त्या बिल्डरला तीनदा आलीस. तुला लिहून कुणी दिलं ते?" प्राचार्यांनी दिलं, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "मग मागचं मैदान गेलं म्हणून समज." मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. पुढच्या उन्हाळ्यात मैदानाभोवती त्या बिल्डरचे पत्रे ठोकले गेले.

त्यानंतर मी त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेले. जिन्यावरच्या दोन खोल्या माझ्या, खाली सर एकटे. त्यांच्या पत्नी फार पूर्वीच गेल्या होत्या. भाडं वेळेवर दिलं नाही तरी चाले, पण पाण्याच्या दिवशी पिंप भरायला उशीर झालेला त्यांना खपत नसे. कॉलेजात ते मला मॅडम म्हणत आणि घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की जेऊरकर. माझं आडनाव काही ते नव्हे.

सर सगळं शेवटाकडून वाचत. वर्तमानपत्र मागच्या पानावरून, लग्नपत्रिका निमंत्रकांच्या नावांपासून, देवळातला सभामंडप देणगीदारांच्या फरशीपासून. फिजिक्सचा शोधनिबंध हातात आला की पहिल्यांदा तळाशी जात, जिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पैसा कुणी दिला, यंत्र कुणी दिलं, चर्चेला वेळ कुणी दिला. "वर सगळे हुशार असतात की," ते म्हणत. "खाली आल्यावर कळतं, कुणाचं मीठ खाल्लंय." कॉलेजात एका गुटखावाल्यानं थंड पाण्याचं मशीन बसवून दिलं होतं, त्यावर त्याच्या बापाचं नाव. एप्रिलमधल्या सोलापुरात सगळं स्टाफरूम त्या मशीनला लोंबकळलेलं असे, आणि सर घरून आणलेल्या बाटलीतलं कढत पाणी पीत बसत. एकदा मी चिडवलं की पाण्याला काय ठाऊक ते कुणाचं आहे. ते म्हणाले, पाण्याला ठाऊक नसतं म्हणूनच पिणाऱ्यानं विचारायचं असतं.

आता त्यांची एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात राहू द्या. आभारात स्वतःचं नाव आलं की मात्र सर बसत नसत. "आणि आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक" एवढे शब्द कानावर पडले रे पडले की ते उठत, धोतराचा सोगा सावरत बाहेर जात, व्हरांड्यातल्या नळाला तोंड लावून पाणी पीत आणि नाव होऊन गेल्यावर परत येत. तोंडावर कौतुक झालं की आपल्याकडे माणसं खाली बघतात. सर त्याच्या पुढचे, ते निघूनच जात. आम्हाला त्याचं हसू येई. मुलं मुद्दाम त्यांचं नाव दोनदा घालत, म्हणजे सरांना दोनदा पळावं लागे.

पुढे जे सांगणार आहे त्यावरून सैन्याशी त्यांचं वैर होतं असं कुणी समजू नये. झेंडावंदनाला ते आमच्यापेक्षा ताठ उभे राहत. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना ते अण्णा म्हणत, फौजेत होते. सुरुंगावर पाय पडून अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि सुरुंग शत्रूचा नव्हता, आपल्याच बाजूनं कधीतरी पेरून विसरलेला होता. अण्णा कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीला, आपल्या गावी, परत आले, लाकडी पाय लावून किराणा दुकान चालवू लागले आणि पुन्हा त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. बोलत राहिले ते सर. तो सुरुंग कुणीतरी बनवला असेल, त्याच्या आत काय भरायचं ते कुणीतरी वहीवर गणित करून काढलं असेल, तो माणूस आपल्यासारखा खडूनं हात पांढरे झालेला असेल, असं ते म्हणत. "त्याला विचारलं तर सांगेल, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हे उत्तर न्हाई. ठाऊक करून घ्यायचं असतं."

म्हणून ते परदेशी जाणाऱ्या मुलांना शिफारसपत्र देण्याआधी ती संस्था तपासत. उघडउघड लष्कराची प्रयोगशाळा असेल तर त्यांची तक्रार नसे. जा म्हणत, पाटी लावून बसलेत, तुला पटत असेल तर जा. राग असे तो दारावर नागरी संशोधनाची पाटी लावून आत दुसरंच शिजवणाऱ्यांवर. तपासायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. तिथं गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून विचारत, कँटीनमध्ये गणवेशातली माणसं जेवायला येतात का, पाहुण्यांना कुठल्या दारापाशी थांबवतात, शिकून बाहेर पडलेली पोरं नोकरीला कुठं जातात. आणि अर्थात, तिथल्या शोधनिबंधांच्या तळाची बारीक अक्षरं. एका मुलाला त्यांनी असं पत्र नाकारलं होतं. तो दुसऱ्याचं पत्र घेऊन गेला, मोठा झाला, आणि दर दिवाळीला सरांना मिठाई पाठवत राहिला. सर त्याला उलट फोन करून आशीर्वाद देत आणि डबा न उघडता माझ्या दारात ठेवत.

मी त्यांच्याशी खूप वाद घालत असे. जगातलं निम्मं फिजिक्स कुठं ना कुठं त्याच पंगतीला जेवतं, मग काय सगळ्यांनी उपाशी राहायचं का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "जेव की. यजमान कोण ते विचारून जेव."

अशा या माणसाचा एक लाड होता, आणि तो गच्चीवर होता.

थंड प्रदेशातल्या एका भौतिकी संशोधन संस्थेनं फार वर्षांपूर्वी त्यांना हातात मावेल एवढी एक पेटी पाठवली होती. ती सूर्याकडे धरली की सूर्याचा किती उजेड हवेतून खाली पोचतो ते त्यात दिसे. हवेत धूळ जास्त तर उजेड कमी. देशोदेशीचे मास्तर लोक अशा पेट्या धरून आपापलं आकाश मोजत आणि आकडे त्या संस्थेला कळवत. पाऊस, ढग, हवामान यांच्या अभ्यासासाठी, असं संस्थेनं सुरुवातीला लिहिलं होतं. सर नोकरीत असताना मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी येत, मोजत आणि परत जात. निवृत्त झाल्यावर तर दुपार हाच त्यांचा दिवस झाला. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, अनवाणी, तापलेल्या गच्चीवर उभा असलेला तो काटकुळा माणूस गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. माझ्या दारावरून जाताना ते म्हणत, "येतो गं, जरा आभाळ बघून." खाली आले की चेहरा लालबुंद, आणि खूश. आमच्यासारख्या गावातल्या धुळीचा कुणाला उपयोग होतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. दर नवीन वर्षाला त्या संस्थेचं शुभेच्छापत्र येई, बर्फाच्या चित्राचं. ती सगळी चित्रं त्यांनी भिंतीला लावली होती. बाहेर अंगाची लाही होत असताना सर त्या बर्फाखाली बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात.

आणि मग त्याच संस्थेशी आमच्या कॉलेजचा करार व्हायचं ठरलं.

फिजिक्सला मुलं येईनाशी झाली होती. डिपार्टमेंट बंद करून ती जागा दुसऱ्या कोर्सला द्यायची कुजबुज होती. करार झाला तर डिपार्टमेंट वाचणार होतं आणि दरवर्षी एका विद्यार्थ्याला तिकडे संशोधनाला जायला मिळणार होतं. पहिली निवड लावण्याची झाली होती. लावण्या म्हणजे शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर घरातली मुलगी. वडील टॉवेलचे माग चालवत. मागाच्या खडखडाटात अभ्यास केल्यामुळे असेल, ती बोलायची फार हळू, पण एकदा बोलली की खोडायला जागा नसे. सरांनी तिला निवृत्तीनंतर घरी बोलावून शिकवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल त्यांना काय वाटे ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ती यायची त्या दिवशी ते स्वतः दूध आणायला जात.

करारासाठी वरून एक अट आली. ती संस्था खरोखर नागरी आहे ना, तिचे लष्कराशी धागेदोरे नाहीत ना, याबद्दल एखाद्या जाणकाराचं लेखी मत जोडायचं. प्राचार्यांना दुसरं नाव सुचायचं कारणच नव्हतं. या बाबतीत सरांनी चांगलं म्हटलं तर कुणी शंका घेणार नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सरांनी ते काम चार महिने केलं. खालच्या खोलीत कागदांचे ढीग लागले. कुणाकुणाला फोन, कुणाकुणाला मेल. संस्थेच्या एकेका विभागाची त्यांनी तपासणी केली, आणि एकेक विभाग स्वच्छ निघत गेला. तसतसे ते हलके होत चालले होते, जिन्यावर गुणगुणत. फक्त एक विभाग त्यांनी तपासला नाही. ज्या विभागाला ते आभाळाचे आकडे पाठवत, तो. त्याचे वार्षिक अहवाल दरवर्षी पोस्टानं येत आणि ट्रंकेवर रचलेले होते. मी सहज विचारलं, यांच्या आभारांची पानं बघितली का. सर चक्क लाजले. "त्यात माझं नाव असतंय गं," ते म्हणाले. "आपलंच नाव काय वाचत बसायचं. आणि ती आपलीच माणसं हायत." मी हसले आणि वर गेले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वतःच्या नावापासून पळणारा माणूस, एवढंच वाटलं.

त्यांनी मत लिहिलं. संस्था नागरी आहे, लष्कराशी संबंध आढळला नाही, विद्यार्थ्यांना निर्धास्त पाठवावं. खाली सही केली. त्या दिवशी लावण्या आली तेव्हा त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "जा. माझा शब्द हाय." सरांनी कुठल्या संस्थेसाठी आपला शब्द दिला, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

कराराच्या समारंभाला आभाळाचे आकडे घेणाऱ्या त्या विभागाचे प्रमुख स्वतः आले. मोठा गोड माणूस. उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. सत्काराची सोलापुरी चादर त्यानं घामाघूम होऊनही खांद्यावरून काढली नाही, आणि सरांना बघताच पायऱ्या उतरून खाली येऊन मिठी मारली. सर त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वेळेवर आले होते, कारण त्यांना व्यासपीठावरच बसवायचं होतं. प्राचार्य आणि पाहुणे यांच्या मधली खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर फुलांची रास. अण्णाही मैंदर्गीहून आले होते आणि लावण्या आणि तिच्या वडिलांशेजारी पहिल्या रांगेत लाकडी पाय लांब करून बसले होते.

सह्या झाल्या, भाषणं झाली. शेवटी पाहुणा म्हणाला, मला तुमची पद्धत कळली आहे, आज आभार मी मानणार. सभागृह नेहमीप्रमाणे उठायला लागलं होतं, ते पाहुण्याच्या मानासाठी पुन्हा बसलं. त्यानं कॉलेजचे आभार मानले, मुलांचे मानले आणि मग सरांचं नाव घेतलं. सर सवयीनं उठले. पण जायला वाट नव्हती. एका बाजूला पाहुण्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला प्राचार्यांचे गुडघे. प्राचार्यांनी हसत त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं. म्हणून सरांनी ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

पाहुणा इंग्रजीत सांगत होता, मनापासून, अभिमानानं. या गावातल्या एका माणसानं वर्षानुवर्षं भर दुपारी उन्हात उभं राहून आमच्यासाठी आकाश मोजलं. कोरड्या धुळीतून प्रकाश कसा पोचतो, हे आम्हाला त्याच्या आकड्यांनी शिकवलं. आज आमच्या सैन्यदलातल्या सहकाऱ्यांचं यंत्र धुळीच्या लोटातूनही आपलं लक्ष्य अचूक शोधतं, त्याचं मोठं श्रेय या माणसाला आहे. मग तो सरांकडे वळून टाळ्या वाजवू लागला. सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. अण्णाही वाजवत होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

सर उभे राहिले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी पाहुण्याला एवढंच विचारलं की कुठल्या महिन्यांचे आकडे जास्त कामी आले. एप्रिल आणि मे, पाहुणा म्हणाला. तेव्हाची तुमची धूळ तिथल्या धुळीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. आणि त्यानं एका प्रदेशाचं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. तिथली पडलेली घरं आणि राडारोड्यात भांडी शोधणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी जेवता जेवता टीव्हीवर बघितल्या आहेत.

सर "थँक यू" म्हणाले आणि बसले.

समारंभानंतर सर मला घेऊन तडक घरी आले. घरात शिरल्यावर दिवा लावला, ट्रंकेवरचे सगळे अहवाल खाली जमिनीवर घेतले आणि एकेकाचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवू लागले. दरवर्षीच्या आभारात सरांचं नाव होतं, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत त्या लष्करी खात्याचं. कुठंही झाकलेलं नाही, आडून सांगितलेलं नाही. सर म्हणाले, "त्यांनी लपवलं न्हाई गं जेऊरकर. दर साली सांगत होते. मीच उठून जात होतो."

मला त्यांची फार दया आली आणि त्याचबरोबर रागही आला. इतका राग की मी त्यांना सुनावलं, तुम्ही आकडे पाठवले नसते तर दुसऱ्या कुणी पाठवले असते, तुमच्या एकट्याच्या दुपारनं जगातली लढाई थांबणार होती का. ते म्हणाले, थांबणार न्हाई. मग कशाला जिवाला लावून घेता, म्हटलं. ते उठले. भिंतीवरची बर्फाची चित्रं काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले आणि नवं मत दिलं. संस्थेचे लष्कराशी संबंध आहेत, पुराव्यादाखल मी स्वतः आहे, असं त्यात लिहिलं होतं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजूत घातली, करार झालेला आहे, तो मोडला तर डिपार्टमेंट जाईल, तुम्ही उभं केलेलं डिपार्टमेंट. सर म्हणाले, करार तुमचा तुम्ही ठेवा, फक्त माझी सही काढा. प्राचार्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

तिथून ते मला घेऊन लावण्याच्या घरी गेले. सर आलेले बघून तिच्या वडिलांनी माग बंद केला. धंद्याच्या वेळी कुणासाठी माग बंद करणं ही त्या घरात केवढी गोष्ट आहे, हे मला लावण्यानं नंतर सांगितलं. सरांनी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. मी दिलेला शब्द खोटा निघाला, असं म्हणाले. वडिलांना निम्मं कळलं असेल. त्यांनी हात जोडून विचारलं, "सर, तुमीच सांगा. पोरीला धाडू का नको?"

जा म्हणणं आणि जाऊ नको म्हणणं, दोन्ही आयुष्यभर ठणकावून सांगत आलेला माणूस त्या प्रश्नापुढे स्वतःच्या धोतराकडे बघू लागला. मागाच्या धाग्यांवरची खळ त्याला चिकटत होती, ती ते नखानं काढत राहिले. मग म्हणाले, "मला विचारू नका आता."

लावण्या गेली नाही. तिनं नान्नांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, प्राचार्यांना कळवलं आणि तिच्या जागी दुसरा मुलगा गेला, मजेत आहे. लावण्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. तिनं जायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तिथं स्वच्छ विभागही होते. अशी बुद्धी रोज रोज जन्माला येत नाही, आणि ती अशी खडू मोडण्यात संपावी याचं मला दुःख आहे. मी तिला हे बोलले. सरांपुढेच बोलले. सरांनी तिला घाबरत घाबरत विचारलं, माझ्यामुळं का गं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यामुळं नाही सर. मी पण तिथं बसले होते. मी पण शेवटपर्यंत ऐकलं."

सरांना त्यानं बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती हुशार आहे, तिला माझं मन राखता येतं, असं म्हणाले. तिच्यासाठी दूध आणायला मात्र ते जात राहिले.

सगळ्यात जास्त घाव त्यांना अण्णांनी घातला, आणि तोही मायेनं. समारंभात टाळ्या कशासाठी होत्या ते सांगायला सर मुद्दाम मैंदर्गीला गेले होते. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मग कन्नडमध्येच थोडा वेळ पुटपुटले आणि शेवटी मराठीत म्हणाले, "तुला कुटं ठावं हुतं, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. नेमकं तेच वाक्य, जे सरांनी कधी उत्तर मानलं नव्हतं. मग अण्णा पुढे म्हणाले, "माजा सुरुंग ज्यानं केला त्यालाबी ठावं नसंल. मी त्याला कवाच सोडून दिला. तुलाबी सोडला. आता साकु." साकु म्हणजे पुरे. सर एस.टी.नं परत आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. अण्णांनी त्या माणसाला कधीच सोडून दिलं होतं आणि आपण त्याला इतकी वर्षं धरून ठेवलं, आणि शेवटी तो आपणच निघालो, असं काहीतरी ते म्हणत होते. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही.

पेटी त्यांनी परत पाठवून दिली. पुढचा उन्हाळा त्यांना फार जड गेला. सूर्य डोक्यावर आला की शरीर आपोआप उठे. टॉवेल भिजवत, जिन्यापर्यंत येत, माझ्या दारापाशी थांबत आणि काही न बोलता खाली परत जात. मी दार उघडं ठेवी. एकदा मी म्हटलं, नुसतं आभाळ बघून या की, बघायला काय हरकत आहे. म्हणाले, "न्हाई गं. बघितलं की मोजावंसं वाटतंय." त्यांनी खिडकीला जाड चादर लावून घेतली. मग थंडी आली. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती, गावात गडबड होती, तेव्हा एका दुपारी ते त्या अंधाऱ्या खोलीत झोपेतच गेले. मी कॉलेजातून आले तेव्हा ओला टॉवेल दाराच्या कडीवर वाळत होता.

शोकसभा कॉलेजच्याच सभागृहात झाली. शोकसभेत आभार मानत नाहीत. पण ऑफिसातल्या क्लार्कनं नेहमीचीच कार्यक्रमपत्रिका नाव बदलून छापली होती, त्यामुळे प्रतिमापूजन, मनोगत, श्रद्धांजली आणि सगळ्यात खाली आभार, असं पडून गेलं होतं. प्राचार्य ते खोडायला निघाले होते. लावण्या म्हणाली, राहू दे, मी मानते.

मनोगतं लांबली. सगळेच चांगलं बोलले. ज्यांनी त्यांना आयुष्यभर चक्रम म्हटलं त्यांनीही डोळे पुसले. उभं राहून शांतता पाळून झाली आणि लोक उभे होते ते तसेच दाराकडे निघाले. चपलांचा आवाज सुरू झाला. मीही पर्स खांद्याला लावली. तेवढ्यात लावण्या माईकवर आली. तिनं माईक वाजवला नाही, शांत व्हा म्हणाली नाही. तिच्या हळू आवाजात तिनं हार आणणाऱ्या शिपायाचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, सतरंजी घालणाऱ्यांचे मानले. मैंदर्गीहून लाकडी पायानं दोन गाड्या बदलून आलेल्या अण्णांचे मानले. कुणाला विसरली नाही.

मग तिनं पहिल्या रांगेतल्या सोफ्याकडे बघितलं.

"सरांचे आभार मी मानणार नाही," ती म्हणाली. "मानले तर ते उठून बाहेर जातील. आज त्यांना बसू दे."

पहिल्या रांगेतला सोफा रिकामाच होता. मी पर्स मांडीवर घेतली आणि परत खाली बसले.